जुन्या जीपसाठी लिव्हरवाली ग्रीस गन: गन झकास, कपलर भंगार

आधीच सांगून टाकतो. गन (गाडीच्या सांध्यांत दाबाने ग्रीस भरायचं हत्यार) चांगली आहे, तिच्यासोबत येणारा कपलर, म्हणजे नळीच्या टोकाचं तोंड, भंगार आहे, आणि तो बदलायची तयारी असेल तर बिनधास्त घ्या. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी पुढे नाय वाचलं तरी चालेल. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितो, कारण ही वस्तू घेताना दुकानदार काय सांगत नाय आणि जुनी फोर बाय फोर घरी सांभाळायची म्हटली तर हिच्याशिवाय पान हलत नाय.

गाडी आमची महिंद्राची एमएम ५४० जीप, तीच ती १९८५ ला आलेली, प्युजोच्या २११२ सीसी डिझेल इंजिनवाली. आम्ही देवगड तालुक्यात, बाग कातळावर, घर खाली समुद्राच्या बाजूला. एप्रिल-मेमध्ये जीप दिवसभर आंब्याच्या पेट्या घेऊन कातळावरून वरखाली करते, जांभ्याची लाल धूळ खालून वरपर्यंत भरते, आणि ती धूळ धुवून निघायच्या आधीच पाऊस सुरू होतो, मग चार महिने चिखल. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो हे ज्यांना माहीत नाय त्यांनी एकदा जुलैत येऊन बघावं. वर बारा महिने खारा वारा आहेच. घाटावरच्या जीपला जे दोन वर्षांनी होतं ते इथे एका पावसात होतं.

आता नवीन गाड्यांना ग्रीसिंग हा प्रकारच जवळपास राहिलेला नाय, सगळे जॉइंट सीलबंद, खराब झाला की काढा आणि नवा टाका. जुन्या जीपचं तसं नाय. तिला प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सची ताकद अ‍ॅक्सलकडे नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसला, म्हणजे अधिक चिन्हासारख्या सांध्याला, निपल (ग्रीस आत ढकलायचं छोटं तोंड), शाफ्टच्या सरकत्या जॉइंटला निपल, स्टिअरिंगच्या टायरॉड एंडला, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाला, निपल, क्लचच्या पेडलच्या शाफ्टला निपल. काकांकडे जुनी सीजे थ्री बी जीप होती तिच्या स्टिअरिंगच्या बेलक्रँकलापण वेगळं निपल होतं आणि ते विसरलं की स्टिअरिंगला एवढा खेळ यायचा की गाडी स्वतःच्या मनाने चालायची. हे सगळं गाडी बनवणाऱ्यांनी एका हिशोबाने ठेवलंय: नवीन ग्रीस आत ढकललं की जुनं ग्रीस सोबत माती, पाणी, मीठ सगळं घेऊन बाहेर येतं. म्हणजे ग्रीसिंग हे नुसतं वंगण नाय, आतली साफसफाईपण आहे, आणि आमच्यासारख्या ठिकाणी खरं काम तेच.

पण सर्व्हिसिंगला गाडी दिली की काय होतं? बिलावर 'ग्रीसिंग' लिहून येतं, पैसे लागतात, आणि घरी येऊन खाली वाकून बघावं तर निपलावर कातळाची लाल माती जशीच्या तशी सुकलेली. तालुक्यातल्या एका ठिकाणी हे इतक्या वेळा झालं की मी नाव घेत नाय पण जाणं बंद केलं. पोरांची चूक नाय म्हणा, त्यातल्या अर्ध्यांनी निपलवाली गाडी आयुष्यात पाहिलेली नाय. म्हणून गन घेतली.

कुठल्या कंपनीची ते मुद्दाम टाकत नाय, कारण हीच गन, हाच निळा पाइप, हेच काळं हँडल, चार वेगवेगळे स्टिकर लावून चार दुकानांत मिळतं. कणकवलीतून घेतली, दीड हजाराच्या आत. पाचशे ग्रॅमची, लिव्हरवाली, सोबत एक सरळ लोखंडी नळी आणि एक फूटभर लवचिक रबरी नळी. घेताना ही रबरी नळी सोबत आहे का ते बघाच, कारण जीपखाली सरळ नळीने पोचता येतील अशी निपलं कमीच असतात, क्रॉसचं निपल तर नेमकं दोन फाट्यांच्या बेचक्यात लपून बसलेलं असतं.

भरायची पद्धत. डोकं फिरवून काढायचं, आणि पाइपाचं तोंड ग्रीसच्या डब्यात खुपसून दांडा खेचत ग्रीस आत ओढून घ्यायचं असं खोक्यावर चित्र आहे. चित्रात छान दिसतं. प्रत्यक्षात एपी-३ सारखं घट्ट ग्रीस असलं की मध्ये हवेचा खड्डा राहतो आणि मग गन कितीही दाबा, समोरून काहीच येत नाय. मी आता मागचा दांडा पूर्ण खेचून अडकवतो, डब्यातून लाकडी पट्टीने थोडं थोडं आत भरतो, प्रत्येक दोन-तीन पट्ट्यांनंतर पाइपाचं बूड जमिनीवर गोणपाटावर आपटतो म्हणजे ग्रीस खाली बसतं, मग डोकं लावताना शेवटचे दोन आटे ढिले ठेवतो आणि मागचा दांडा मोकळा सोडून हँडल दाबतो. आट्यातून आधी फुस्स करून हवा येते, मग ग्रीसची बारीक गोल रिंग बाहेर पडते, ती दिसली की डोकं घट्ट करायचं. या गनला डोक्यावर हवा काढायचा छोटा व्हॉल्व्हपण आहे, पण त्याच्यावर भरवसा ठेवू नका, त्याच्यातच ग्रीस सुकून बसतं. एकदा हवा निघाली की गन जबरदस्त चालते, एका दाबाला साधारण ग्रॅमभर ग्रीस, हँडलला मस्त वजन येतं, हाताला कळतं की आत काहीतरी जातंय.

आणि आता कपलर. म्हणजे नळीच्या टोकाचं ते तोंड जे निपलावर टक्कन बसतं. आतमध्ये तीन-चार छोटे जबडे असतात, स्प्रिंगने निपलाची मान पकडून ठेवतात, मध्ये रबरी सील. सोबत आलेल्या कपलरचे जबडे इतक्या कच्च्या लोखंडाचे होते की पहिल्या पावसाळ्याआधीच घासून गोल झाले. मग काय होतं, की तुम्ही जीपखाली उताणे पडलेले, एका हाताने कपलर निपलावर दाबून धरलेला, दुसऱ्या हाताने हँडल, आणि हँडल मारलं की ग्रीस आत न जाता कपलरच्या कडेने बाहेर येऊन थेट मनगटावरून कोपरापर्यंत. तिसरा हात असता तर जमलं असतं. बरं हे पण कळत नाय की आत किती गेलं आणि बाहेर किती, कारण सगळीकडे ग्रीसच ग्रीस. ही वरून विचारते गाडीला लावताय की अंगाला.

उपाय म्हणजे चिमट्यावाला लॉक कपलर. त्याला छोटी मूठ असते, दाबली की जबडे उघडतात, निपलावर ठेवून सोडली की असा पकडतो की दोन्ही हात मोकळे. गनच्या किमतीच्या अर्ध्याहून जास्त किंमत नुसत्या कपलरची, म्हणून दुकानात उभं राहून वाटतं की काय लुटतायत, पण खरं सांगतो, पैसे गनला कमी आणि कपलरला जास्त द्या. स्वस्त गनवर चांगला कपलर लावला तर काम होतं, भारी गनवर भिकार कपलर असेल तर होत नाय. आटे बहुतेक एकसुतीच (इंचाचा आठवा भाग) असतात, तरी जुना कपलर खिशात घालून घेऊन जा आणि दुकानातच लावून बघा.

कपलर बदलला तरी एक अडचण राहते ती निपलाची स्वतःची. आमच्या गावात एक म्हातारे मिस्त्री आहेत, आता काम करत नाहीत, फक्त येऊन बसतात आणि चुका काढतात. मी पहिल्यांदा गन घेऊन जीपखाली गेलो आणि ग्रीस जाईना म्हणून हँडलवर जोर काढत होतो, तर पडवीतूनच ओरडले, "रे झिला, निपला मातयेन बुजली हत ती, पयली साफ कर! जोर कित्याक काढतंस?" बरोबरच होतं. निपलाच्या टोकाला स्प्रिंगवरची इवलीशी गोळी असते, ती आत दबली तरच ग्रीस जातं. मीठ आणि मातीने ती जाम होते. आधी वायर ब्रश, मग डिझेलचे दोन थेंब, मग खिळ्याच्या टोकाने गोळी दाबून बघायची, परत वर आली तर निपल जिवंत. नाय आली तर काढून नवं टाका, निपल म्हणजे काय, दहा-वीस रुपयांची गोष्ट. सरळ, तिरकं, काटकोनात वाकलेलं असे तीन प्रकार येतात, जिथे कपलर पोचत नसेल तिथे वाकडं निपल टाकलं की अर्धी कटकट मिटते. आणि पुसल्याशिवाय कपलर कधीच लावायचा नाय, नायतर वरची माती आपणच दाबून बेअरिंगमध्ये घालतो.

या गनने सगळ्यात जास्त समाधान मिळतं ते क्रॉसला. शाफ्टच्या क्रॉसला चार टोकं, चार टोप्या, प्रत्येक टोपीत बारीक सुईसारख्या रोलर. निपल एकच. दाबत राहायचं आणि चारही टोप्यांच्या कडेला बघत राहायचं. आधी काळंकुट्ट येतं, मग तपकिरी, कधी पाण्याचा थेंबपण येतो, मग नवीन ग्रीसचा रंग. तीन टोप्यांतून आलं आणि चौथीतून नाय आलं म्हणजे तीच कोरडी आहे, तीच एक दिवस घात करणार. अशा वेळी गन लावलेलीच ठेवून शाफ्टला हाताने इकडून तिकडे ढकलायचं, टोपी जरा सैल होते आणि ग्रीसला वाट मिळते. आमच्या पुढच्या शाफ्टला एक टोपी अशीच अडून बसली होती, ढकलून, फिरवून, शिव्या घालून शेवटी तिच्यातून गंजाचा लालसर लगदा आला. जांभ्याची माती वाटली आधी, पण चिमटीत चोळून बघितला तर चक्क गंज. आता तो क्रॉस काढून नवीन टाकायचा आहे, पण निदान रस्त्यात तुटायच्या आधी कळलं तरी.

सरकत्या जॉइंटला मात्र हात आखडता. तिथे आत ग्रीसला मागे जायला जागा नसते, ठासून भरलं की शाफ्ट आत सरकताना अडतो आणि सगळा दाब गिअरबॉक्सच्या बाजूच्या बेअरिंगवर येतो. टायरॉड एंडला पण तेच, रबरी टोपी जरा फुगली की थांबायचं, हौसेने अजून दोन दाब मारले की टोपी फाटते आणि मग त्या फाटक्या टोपीतून पहिल्याच पावसात पाणी आत. लिव्हर गनचा दाब हजारो पीएसआयमध्ये जातो, हाताला तो कळत नाय.

त्याच्यावरूनच एक गंभीर गोष्ट. रबरी नळी नीट तपासत जा. नळीला कुठे बारीक भोक पडलं असेल आणि तिथे बोट धरून हँडल दाबलं तर ग्रीस कातडीतून आत घुसू शकतं. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, दुखत पण नाय सुरुवातीला, पण हे प्रकरण थेट ऑपरेशनचं असतं, हळद लावून घरी बसायचं नाय, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जायचं आणि ग्रीस प्रेशरने आत गेलंय असं स्पष्ट सांगायचं. नळी धरायची तर टोकाच्या स्प्रिंगवाल्या भागाला धरा. नळीला चीर दिसली की नळी फेकून द्या, टेप गुंडाळू नका.

पाट्यांबद्दल, म्हणजे अ‍ॅक्सलवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगबद्दल. आमच्या जीपच्या पाट्यांना आधीच्या मालकाने निपलवाल्या पिना बसवून घेतल्यात, तिथे गन लागते. ज्यांच्या पाट्यांना रबरी बुश आहेत त्यांनी तिथे ग्रीस घालू नका, साधं रबर ग्रीसने फुगतं आणि सडतं. पाट्यांच्या मधे ग्रीस किंवा जळकं ऑइल लावायची आमच्याकडे पद्धत आहे, मी लावतो, पण पाऊस सुरू व्हायच्या तोंडावर, धुळीच्या दिवसांत लावलं तर त्याच्यावर कातळाची माती बसून पॉलिश पेपर तयार होतो.

ग्रीस कुठलं हा प्रश्न सगळेच विचारतात. दुकानात 'चासी ग्रीस' म्हणून मिळतं ते बहुतेक कॅल्शियमवालं, पाण्याला चांगलं टिकतं, स्वस्त, पण उष्णता सोसत नाय, साठ अंशांच्या वर त्याचा भरवसा नाय. शॅकलच्या (पाट्यांचं टोक टांगणाऱ्या कडीच्या) पिना, पेडलचा शाफ्ट अशा ठिकाणी ठीक. एपी-३ म्हणजे लिथियमवालं, उष्णता सोसतं, चाकाच्या बेअरिंगला हेच. पण तीन नंबरचं ग्रीस घट्ट, गनमधून ढकलायला आणि क्रॉसच्या बारीक वाटेतून जायला जड, म्हणून मी गनमध्ये दोन नंबरचं लिथियम ईपी (जास्त दाब सोसणारं) ग्रीस भरतो आणि एपी-३ चा डबा चाकांसाठी वेगळा ठेवतो. काळं मॉलीवालं (मॉलिब्डेनम मिसळलेलं) ग्रीस सरकत्या जॉइंटला मस्त, चाकाच्या बेअरिंगला नको. आणि दिसेल ते ग्रीस एकमेकांत मिसळू नका, काही ग्रीस एकमेकांना भेटली की पातळ होऊन वाहून जातात. गनवर मार्करने लिहून ठेवा आत काय आहे, सहा महिन्यांनी आठवत नाय.

गन जिथे उपयोगाची नाय ते पण सांगतो कारण यूट्यूब बघून लोक काहीही करतात. चाकाचं बेअरिंग गनने भरता येत नाय, हब उघडून, जुनं ग्रीस डिझेलने धुऊन, पूर्ण सुकवून, तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगच्या कडेने आपटत आपटत दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत भरायचं, याला पर्याय नाय. हबमध्ये ठासून भरू नका, गरम झालं की सील ओलांडून ब्रेकच्या लायनरवर जातं आणि तळेऱ्याच्या बाजूच्या उतारावर तुम्हाला ते कळतं. पुढच्या अ‍ॅक्सलच्या नकलचं (चाक वळतं त्या टोकाच्या सांध्याचं) प्रकरण पण वेगळं, तिथे प्लग काढून भरतात, आणि आतलं मागचं सील गेलेलं असेल तर तुम्ही कितीही भरा, ते खाली डबक्यात येणारच. आमच्या डाव्या चाकाच्या मागे अजून थोडं येतंय, पाऊस झाला की सील बदलणार.

दुसरे पर्याय. पिस्तुलासारखी एका हाताची गन मिळते, ती अडचणीच्या जागी बरी पण एका दाबाला ग्रीस कमी आणि बोटं दुखतात, चिरेखाणीतल्या मशीनवाल्या पोरांकडे आहे, त्यांनीच सांगितलं नको घेऊ. पायाने चालवायचा बादली पंप एका जीपसाठी म्हणजे नसता व्याप, ठेवायला जागा लागते आणि दुसरा माणूस लागतो. बॅटरीवाली गन मी मित्राकडे वापरली, सुख आहे, पण किंमत ऐकून परत दिली, आणि तिच्यात हाताला काही कळत नाय, जाम निपलावर पण ती बिचारी ढकलतच राहते. लिव्हरवालीत निपल जाम असेल तर हँडल दगडासारखं होतं आणि तिथेच थांबता येतं, माझ्या दृष्टीने हा तिचा मोठा गुण.

तक्रारी अजून दोन. पाइपाचा निळा रंग म्हणजे नुसती पावडर, आमच्या हवेत एका पावसात खालच्या बाजूने फुगून सुटला, आतून बरी आहे पण बाहेरून आता तेलकट फडकं गुंडाळून ठेवावी लागते. आणि आतल्या दट्ट्याचं रबर जरा ढिलं आहे, उभी ठेवली तर मागच्या बाजूने तेल पाझरतं. आडवी ठेवा, दांड्याची स्प्रिंग मोकळी करून ठेवा, दाबात ठेवली की ग्रीसमधलं तेल वेगळं होऊन गळतं आणि मागे नुसता साबण (ग्रीसला घट्ट करणारा भाग) राहतो.

पाचपैकी चार देतो, कपलर बदललेला धरून. सोबतच्या कपलरसकट द्यायचे तर अडीच.

घेताना अजून एक मागून घ्या, निपलावर बसवायच्या छोट्या रबरी टोप्या. पाच-दहा रुपयांना एक मिळते, ट्रॅक्टरच्या पार्टवाल्याकडे असतात, जीपचे पार्ट विकणारा दुकानदार आपणहून कधी दाखवत नाय. माझ्या जीपला पुढच्या क्रॉसवर आणि टायरॉडवर लावल्यात, चिखलात दोन पडल्या, बाकीच्या अजून आहेत आणि त्यांच्या खालची निपलं नवीसारखी चकचकीत आहेत. कुणाला सिंधुदुर्गात होलसेलमध्ये कुठे मिळत असतील तर खाली टाका, मला अजून डझनभर हव्यात.